‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ दुर्रुशेहवार कोण होत्या?
अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे वऱ्हाडचे जुने चार जिल्हे. इंग्रज या मुलखाला ‘बेरार’ म्हणत. त्याच्या नावाचा किताब मिळालेली राजकुमारी मात्र इस्तंबूलची होती.

दुर्रुशेहवार या शेवटचे ऑटोमन खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांच्या कन्या. जन्म १९१४ चा. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली आणि दहाव्या वर्षीच त्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला. १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस शहरात हैदराबादच्या निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मग वऱ्हाडशी संबंध कसा आला? निजामाचा हा मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. १९३६ च्या करारात निजामाचा हक्क नावापुरता मान्य झाला. कारभार इंग्रजांकडेच राहिला, पण निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि दुर्रुशेहवार ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाल्या.

२००६ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. वऱ्हाडवरचे त्यांचे राज्य कागदावरच राहिले. हैदराबादच्या पुराणी हवेलीत त्यांनी सुरू केलेले मुलांचे रुग्णालय मात्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.