शेकोटीभोवतीच्या आठवणी

आज जाऊया अमेरिकेत, मुलांच्या उन्हाळी शिबिरांच्या जन्मकाळात. ‘कॅम्प’ म्हटलं की तिथली साठीतली माणसंही हळवी होतात. तळं, होडी, रात्रीची शेकोटी. मला प्रश्न पडतो, काही आठवड्यांची ती सुट्टी आयुष्यभर कशी पुरते?

सुरुवात १८६१ ची. तिकडे यादवी युद्ध पेटलेलं. कनेटिकटमधल्या फ्रेडरिक गन या शिक्षकांच्या मुलांना सैनिकांसारखं तंबूत राहायचं होतं. गननी त्यांना सुमारे ४० मैल चालवत समुद्रकिनारी नेलं आणि तिथे मुक्काम ठोकला.

पुढे १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशायरमधल्या एका तळ्यातल्या बेटावर ‘कॅम्प चोकोरुआ’ काढला. श्रीमंतांची पोरं उन्हाळाभर हॉटेलांत आळसावून पडतात, हे त्याला खुपत होतं. म्हणून इथे नोकरचाकर नाहीत! स्वयंपाक, भांडी, सगळं मुलांनीच करायचं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. आईवडील जवळ नाहीत आणि आपल्यावाचून काम अडतंय, ही भावना मुलाला घरी क्वचितच मिळते.

पण या आठवणींना एक दुसरी बाजूही आहे. शहरं फुगत होती, मुलं रानाला पारखी होतायत अशी मोठ्यांना धास्ती होती. मग हरवलेलं रान परत आणायला त्यांनी आधार घेतला तो तिथल्या मूळ रहिवाशांचा. अनेक शिबिरांना त्यांच्या भाषांतली नावं दिली गेली. शेकोटीला ‘कौन्सिल फायर’ म्हणू लागले, गोरी मुलं पिसं लावून नाचू लागली. आणि त्याच काळात काय चाललं होतं? १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा उघडली. तिथे मूळ रहिवाशांच्या मुलांचे केस कापले जात, नावं बदलली जात, स्वतःची भाषा बोलायला बंदी असे. ही शाळा १९१८ पर्यंत चालली.

म्हणजे एका मुलासाठी जो उन्हाळी खेळ होता, तेच दुसऱ्या मुलाकडून हिसकावून घेतलं जात होतं.

म्हणून शेकोटीची ऊब खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. भांडी घासताना झालेली मैत्री खरीच असते. पण ती ऊब आठवताना, उधार आणलेली ती नावं कुणाची होती, हेही आठवायला हवं. अलीकडे काही शिबिरांनी असली नावं आणि सोंगं सोडली आहेत. शेकोटी मात्र पेटतेच आहे.

भेटूया पुढच्या भागात!