मावशीचा परवाना : उत्सवी चावटपणा, द्व्यर्थ आणि संहिता

२४ डिसेंबर १९६९ रोजी ब्रिटनमधील थेम्स टेलिव्हिजनने ‘कॅरी ऑन ख्रिसमस’ हा विनोदी प्रवेशांचा कार्यक्रम प्रसारित केला. डिकन्सच्या नाताळकथेची ती मोडतोड होती. सिड जेम्स त्यात कंजूष स्क्रूज झाला होता, तर फ्रँकी हॉवर्ड हा पुरुष नट परीमाता. संवाद सारे सूचक, कमरेखाली घसरू पाहणारे. धर्मदृष्ट्या पवित्र मानलेल्या रात्री चावटपणाला घरात पाट कसा मांडला जातो, हा प्रश्न तेथील समीक्षकांना पडला असेल वा नसेल. केंदूरच्या परिसरात यात्रा पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

केंदूर हे संत कान्होराज पाठकांचे गाव. त्याच शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशाशी जोडलेले गाव. या पट्ट्यातील यात्रेचा क्रम सर्वांना पाठ असतो : सकाळी देवाला अभिषेक, रात्री छबिना, त्यानंतर तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. गुढीपाडव्याच्या सुमारास गावकारभारी नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन फडाला सुपारी देतात. कीर्तनात मान डोलावणारा आणि बतावणीला शिटी मारणारा श्रोता पुष्कळदा एकच असतो. त्याच्या मनात या दोहोंचा झगडा नाही. झगडा आपल्या समीक्षेच्या मनात आहे.

या चावटपणाचे केंद्र गौळणीत आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या, आणि गौळणींची म्होरकी मावशी. मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. ब्रिटिश नाताळातील पँटोमाइममध्येही वयस्क बाईचे सोंग पुरुषच घेतो. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नसताना दोघींनी हीच युक्ती शोधावी, हे विचार करण्याजोगे आहे. प्रौढ स्त्रीचे वय आणि पुरुषाचा आवाज यांच्या सांध्यावर उभे राहिलेले हे पात्र कोणालाही काहीही बोलू शकते, कारण ते धड कोणीच नसते. दूध, दही, लोणी, जकात हे शब्द मावशीच्या तोंडी आले की त्यांना दुसरा तळ फुटतो. परंतु पहिला तळ कायम राहतो. पोराने विचारले तर ‘दूध म्हणजे दूध’ असे बापाला सांगता आले पाहिजे, ही या विनोदाची अट आहे. आणि गौळण हा प्रकार संतांनीही हाताळलेला असल्यामुळे तिला तिसरा, आध्यात्मिक तळही आहे. तमाशासाठी लिहिणारे कवठ्याचे बशीर मोमीन यांना २०१८ चा विठाबाई नारायणगावकर पुरस्कार लाभला; कृष्णाच्या गौळणी मुसलमान कवीने लिहाव्यात याचे या मुलखाला कधी आश्चर्य वाटले नाही.

संस्कृत काव्यशास्त्राने हे प्रकरण आपल्यापेक्षा सुजाणपणे हाताळले होते. मम्मटाने ‘अश्लील’ आणि ‘ग्राम्य’ हे दोष वेगळे मानले. अश्लीलाचे व्रीडा, जुगुप्सा व अमंगल असे तीन प्रकार केले, आणि प्रसंगविशेषी हाच दोष गुण ठरतो असेही सांगितले. दोष शब्दात नसून प्रसंगात असतो, ही त्यामागची भूमिका. आधुनिक मराठी समीक्षेने मात्र पंडिती काव्यात जे आढळले त्याला श्लेष म्हटले आणि फडावर जे ऐकले त्याला अश्लीलता.

ही अभिरुची पुढे शासनाची झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली गेली, आणि पुढे संहिता परिनिरीक्षणासाठी सादर करण्याची पद्धत रूढ झाली. येथे एक मूलभूत घोटाळा आहे. बतावणीला संहिता नसतेच. समोर बसलेला पाटील, कालचा पाऊस, शेजारच्या गावाशी चाललेले भांडण यांतून ती त्या रात्रीपुरती घडते. जे लिहिलेले नाही ते तपासायचे तर आधी ते लिहवून घ्यावे लागते. लिहिले की ते गोठते. ब्रिटनमध्ये नाट्यसंहिता आधी तपासण्याचा लॉर्ड चेंबरलेनचा अधिकार १९६८ च्या कायद्याने संपला. आपल्याकडे वसाहतकाळातील १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा रद्द व्हायला त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्याने या कोंडीतून वाट काढली. द्व्यर्थ लेखकाच्या संहितेत आला आणि तरीही दादा कोंडके यांच्यासाठी हजरजबाबीपणाची फट उरली. ‘सोंगाड्या’पासून (१९७१) चित्रपटात ती फट बुजली. ओळीचा सोज्ज्वळ अर्थ पुढे करून मंडळाला निरुत्तर करण्याचे कोंडके यांचे तंत्र मावशीकडूनच आलेले होते. पण चित्रपट प्रत्येक गावाला तोच विनोद त्याच श्वासात ऐकवतो.

तथापि या परंपरेचा निखळ गौरव करणे मला शक्य नाही. नाताळाचा तो कार्यक्रम घरातल्या बायकापोरांसह पाहिला जात होता; यात्रेच्या फडापुढे बहुसंख्य पुरुषच असत. मावशीचा परवाना लुगड्यातल्या पुरुषाला होता, शेजारी उभ्या असलेल्या नाचणाऱ्या बाईला नव्हता. तिने तेच वाक्य उच्चारले असते तर तो तिचा स्वभाव ठरला असता, आणि जातीचाही. अश्लीलतेचा शिक्का जातीशी कसा जखडला गेला याची सविस्तर मांडणी शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या ग्रंथात केली आहे. ‘तमाशा’ हे नाव टाकून ‘लोकनाट्य’ हे नाव प्रतिष्ठित झाले, तेव्हा विनोद शहरातील नाट्यगृहात आला; यात्रेच्या गावी रात्र काढणाऱ्या फडातल्या कोल्हाटी, महार, मांग स्त्रिया बव्हंशी होत्या तेथेच राहिल्या. मावशीवर लिहिताना, आणि हा लेखही त्याला अपवाद नाही, आपण त्या बाईला पुन्हा एकदा पार्श्वभूमीलाच ठेवतो.

२०१८ मध्ये एका मराठी वाहिनीवर विनोदी प्रवेशांचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचे नाव ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. जत्रा हा शब्द दूरचित्रवाणीला घ्यावासा वाटला. मराठी वाहिन्यांवरील अशा कार्यक्रमांत साडी नेसलेले पुरुष नट असतात, सूचक वाक्ये असतात, घरदार एकत्र बसून ती पाहते. पहिल्या रांगेत कोणत्या गावचा पाटील बसला आहे, हे मात्र तेथल्या मावशीला दिसत नाही.