डेझर्ट बस : कंटाळ्याची किंमत आणि देणगीचा इतिहास

आज आपण एका व्हिडिओ गेमचा इतिहास पाहणार आहोत. हा गेम मुद्दाम कंटाळवाणा बनवला होता आणि तो मूळ रूपात कधी बाजारात आलाच नाही. तरीही त्याच्या जोरावर आजारी मुलांसाठी आजवर १ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. नाव ‘डेझर्ट बस’. आपला प्रश्न असा, की कुणीतरी रात्रभर जागून गेम खेळतंय, त्यासाठी लोक पैसे का देतात?

थोडं मागे जाऊ. १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये अल्मा कमिंग्ज ही नृत्यशिक्षिका सलग २७ तास नाचली आणि अमेरिकेत नृत्य-मॅरेथॉनची लाट आली. त्याच वर्षी ८७ तास नाचून झाल्यावर एका नर्तकाचा जीव गेला. महामंदीच्या काळात तर या स्पर्धा तिकीट लावून आठवडेच्या आठवडे चालत. दोन वेळचं जेवण मिळतं, म्हणून बेकार जोडपी नाचत राहत. म्हणजे काय, तर प्रेक्षक दुसऱ्याची दमछाक बघायला पैसे मोजत होता आणि फायदा आयोजकाचा होत होता.

१९६६ पासून जेरी लुईस या विनोदी नटाने स्नायूंच्या आजारांसाठी टीव्हीवर रात्रभर चालणारा देणगी-कार्यक्रम सुरू केला. दमछाक तीच, पण पैसा रुग्णांसाठी. हे पहिलं वळण.

आता व्हिडिओ गेमकडे येऊ. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. गेम मुलांना बिघडवतात, असा आरडाओरडा चालू होता. पेन आणि टेलर या जादूगार जोडीने त्याला आपल्या पद्धतीने उत्तर दिलं. हिंसा नको ना? मग ही घ्या बस! टूसॉन ते लास वेगास, वाळवंटातला सरळ रस्ता, वेग ताशी ४५ मैल, प्रवास खऱ्याखुऱ्या ८ तासांचा. मध्ये थांबण्याची सोय नाही. बस सतत जरा उजवीकडे ओढते, त्यामुळे स्टिअरिंग सोडून झोपताही येत नाही. पोहोचलात की मिळतो १ गुण, आणि मग परतीचा प्रवास! ज्या संग्रहात हा गेम होता तो १९९५ मध्ये येणार होता, पण प्रकाशक कंपनीच बंद पडली. पुढे एका पत्रकाराकडे राहिलेल्या प्रतीतून तो इंटरनेटवर पसरला.

बदनामीला उत्तर म्हणून आणखी एक गोष्ट घडली. २००३ मध्ये ‘पेनी आर्केड’ या वेबकॉमिकच्या दोघा निर्मात्यांनी ‘चाइल्ड्स प्ले’ ही धर्मादाय संस्था सुरू केली. रुग्णालयातल्या मुलांना खेळणी आणि गेम पोहोचवायचे, हे तिचं काम. गेम खेळणारे म्हणजे वाया गेलेले, या समजाला हे थेट कृतीतून दिलेलं उत्तर होतं.

ही दोन उत्तरं २००७ मध्ये एकत्र आली. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या ‘लोडिंगरेडीरन’ या विनोदी मंडळीने ठरवलं, की लोक पैसे देतील तितके तास आपण डेझर्ट बस चालवायची आणि पैसे चाइल्ड्स प्लेला द्यायचे. पहिला तास १ डॉलरचा, पुढचा प्रत्येक तास आधीच्यापेक्षा ७ टक्के महाग. पहिल्याच वर्षी २२ हजार डॉलरच्या वर रक्कम जमली.

या ७ टक्क्यांकडे नीट बघा. हे चक्रवाढ व्याजाचंच गणित आहे. पहिले २४ तास मिळून ६० डॉलरही होत नाहीत. पण १०० वा तास एकटाच ८०० डॉलरच्या वर जातो, १५० वा जवळपास २४ हजारांना पडतो आणि २०० वा ७ लाखांच्या पुढे! सुरुवातीला कुणालाही खिशातल्या चिल्लरीत एक तास विकत घेता येतो. शेवटी मात्र हजारो लोकांनी मिळून एकेक तास ओढावा लागतो. आणि यात खेळणाऱ्याचं रक्षणही आहे. कितीही देणगी आली तरी तास बेताबेतानेच वाढतात. नृत्य-मॅरेथॉनमध्ये नेमकी हीच मर्यादा नव्हती.

पुढे या मंडळींनी दिवसाचे सहा-सहा तासांचे चार गट पाडले. एकजण बस चालवतो. बाकीचे गाणी म्हणतात, लिलाव करतात, प्रेक्षकांनी सांगितलेल्या करामती करून दाखवतात. गेम रंजक असता तर सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळले असते. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नाही, म्हणून तर गप्पांना जागा मिळाली.

तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर असं निघतं. १९२३ चा प्रेक्षक दुसऱ्याचे हाल विकत घेत होता. २००७ च्या देणगीदाराने त्या जागरणात स्वतःचा वाटा विकत घेतला. मधल्या काळात माणसाची सहनशक्ती काही वाढली नाही. बदललं ते इतकंच, की हिशेब कोण मांडतो आणि पैसा कुणाच्या पदरात पडतो. दानाच्या कुठल्याही नव्या प्रकाराकडे पाहताना हे दोन प्रश्न आपण आधी विचारायला हवेत.

इथे थांबू.