२०५ मालिका (जपानी विद्युत उपनगरी गाडी)

२०५ मालिका : जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने आपल्या अखेरच्या पर्वात सिद्ध केलेली आणि १९८५ ते १९९४ या काळात बांधली गेलेली विद्युत उपनगरी गाडी. या मालिकेचे एकूण १,४६१ डबे तयार झाले. १,०६७ मिमी. गेज, म्हणजे दोन रुळांमधील तेवढे अंतर, असलेल्या मार्गांवर आणि १,५०० व्होल्ट एकदिश विद्युतप्रवाहावर ती चालते. डब्याची लांबी सुमारे २० मीटर असून प्रत्येक बाजूला १.३ मीटर रुंदीचे चार सरकते दरवाजे आणि भिंतींना समांतर लांबट बाके अशी तिची मांडणी आहे. जपानी रेल्वेच्या इतिहासात या गाडीपेक्षा जास्त वेगवान आणि जास्त नवलाईच्या गाड्या पुष्कळ झाल्या. मात्र बेताच्या खर्चात पुरेसे नवे तंत्र बसवण्याची जी मधली वाट तिच्या अभिकल्पकांनी निवडली, तिच्यामुळे तिला एकामागून एक अनेक आयुष्ये लाभली, आणि म्हणून तिची स्वतंत्र नोंद घ्यावी लागते.

राष्ट्रीय रेल्वे १९८० च्या दशकात कर्जात बुडालेली होती. १ एप्रिल १९८७ रोजी तिचे विभाजन होऊन खासगीकरण झाले, तेव्हा हा कर्जाचा डोंगर सुमारे ३७ लाख कोटी येनांवर गेलेला होता. महानगरी मार्गांवर त्या वेळी मुख्यतः १०३ मालिका धावत होती. १९६० च्या दशकापासून तिचे तीन हजारांहून अधिक डबे बांधले गेले होते, पण गाडी सुटताना जास्तीची वीज आणि थांबताना सारी गतिज ऊर्जा रोधकांत तापवून वाया घालवणे, हा त्या पिढीचा अंगभूत दोष होता. त्यावर उतारा म्हणून राष्ट्रीय रेल्वेने १९७९ मध्ये २०१ मालिकेची प्रायोगिक गाडी काढली. तिच्यात थायरिस्टर चॉपर, म्हणजे विद्युतप्रवाह सेकंदाला शेकडो वेळा जोडून-तोडून मोटरकडे जाणारा दाब हवा तेवढा राखणारी अर्धसंवाहक यंत्रणा, वापरली होती. विजेची बचत खरोखर झाली. परंतु मोठ्या क्षमतेचे अर्धसंवाहक घटक तेव्हा इतके महाग होते की रिकाम्या तिजोरीच्या रेल्वेला हजारो जुने डबे अशा गाड्यांनी बदलणे झेपणारे नव्हते.

२०५ मालिकेतील विद्युत योजनेचा उगम या अडचणीत आहे. तिच्यात रोधक आणि संपर्क-खटक्यांची जुनी रचना मुद्दाम कायम ठेवण्यात आली आणि तिला क्षेत्र-पूरक उत्तेजन नावाच्या पद्धतीची जोड देण्यात आली. कर्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या एकसरी मोटरमध्ये फिरत्या आर्मेचरमधून जाणारा प्रवाहच चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या स्थिर वेटोळ्यांतूनही जातो, त्यामुळे एकाला धक्का न लावता दुसरा बदलता येत नाही. २०५ मध्ये दिवे व पंखे यांच्यासाठी गाडीत असलेल्या साहाय्यक पुरवठ्यातून एक लहान वेगळा प्रवाह या क्षेत्र-वेटोळ्यांत सोडला जातो. तो कमी-जास्त केला की चुंबकीय क्षेत्र आर्मेचरपासून स्वतंत्रपणे बदलते. क्षेत्र कमजोर केले असता मोटर अधिक वेग घेते; गाडी थांबवताना ते बळकट केले असता मोटरमध्ये निर्माण होणारा दाब ओव्हरहेड तारेतील दाबापेक्षा वर चढतो आणि मोटर जनित्र बनून वीज तारेत परत पाठवते. यालाच पुनरुत्पादक गतिरोध म्हणतात. परत गेलेली वीज जवळपासच्या दुसऱ्या गाडीने उचलली तरच तिचा उपयोग होतो, आणि दोन-तीन मिनिटांच्या अंतराने गाड्या धावणाऱ्या तोक्योच्या मार्गांवर असे गिऱ्हाईक बहुधा तयारच असते. थांब्यावरून सुटताना रोधकांत जाणारी थोडी वीज या पद्धतीतही वाया जातेच. पण मोठ्या शक्तीचा चॉपर टळल्यामुळे खर्च पुष्कळच उतरला. प्रत्येक मोटरची शक्ती १२० किलोवॉट असून गाडीचा कमाल वेग मूळ रूपात ताशी १०० किमी. होता. मोटर असलेले दोन डबे नेहमी जोडीने असतात. एकात नियंत्रणाची सामग्री तर दुसऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर व साहाय्यक पुरवठा अशी वाटणी असल्यामुळे वजन दोन्हींवर विभागले जाते.

डब्याच्या सांगाड्याबाबत मात्र अभिकल्पकांनी हात आखडता घेतला नाही. आधीच्या गाड्या साध्या पोलादाच्या व रंगवलेल्या होत्या. २०५ साठी हलके स्टेनलेस स्टील निवडण्यात आले. जपानमध्ये संपूर्ण स्टेनलेस स्टीलचे डबे १९६२ मध्ये तोक्यू या खासगी रेल्वेच्या ७००० मालिकेत प्रथम आले. ते अमेरिकेतील बड कंपनीच्या परवान्यावर बनले होते. पुढे तोक्यू कार या कारखान्याने संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक भागावरील ताण मोजून पत्रे पातळ करण्याचे स्वतःचे तंत्र विकसित केले. राष्ट्रीय रेल्वे एकाच कारखान्यावर विसंबू शकत नव्हती, म्हणून या तंत्राची माहिती इतर डबेनिर्मात्यांनाही खुली करून देण्यात आली, आणि जपानी उपनगरी गाड्यांचा आजचा चंदेरी चेहरा घडण्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे. असा डबा गंजत नाही व रंगवावाही लागत नाही. मार्गाची ओळख पटवण्यापुरता खिडक्यांच्या वर आणि खाली रंगीत पट्टा चिकटवला की काम भागते : यामानोते मार्गासाठी पोपटी, साइक्योसाठी गडद हिरवा, केइयोसाठी वाइनच्या रंगाचा लाल. डब्याखालची बोगी, म्हणजे चाके, आस आणि स्प्रिंगा धरणारा गाडा, आडवा दांडा वगळून हलकी केलेली आहे. डबा थेट हवेच्या स्प्रिंगांवर टेकतो.

रोजच्या वापरातील तपशील राष्ट्रीय रेल्वेच्या काटकसरी वळणाचेच आहेत. सुरुवातीच्या चार गाड्यांच्या ४० डब्यांत वर-खाली सरकणाऱ्या दोन तावदानांच्या खिडक्या होत्या. त्यानंतरच्या डब्यांत एकसंध काचेची, खाली उतरणारी खिडकी आली. दरवाजांच्या काचा आखूड आणि उंचावर होत्या, त्यामुळे दारालगत उभ्या लहान मुलांना बाहेरचे काहीच दिसत नसे. योकोहामा मार्गासाठी १९८८ पासून बांधलेल्या डब्यांत या काचा मोठ्या करण्यात आल्या.

२५ मार्च १९८५ रोजी पहिली गाडी तोक्योतील यामानोते मार्गावर सेवेत आली. ३४.५ किमी. लांबीचा हा वर्तुळमार्ग शिंजुकू, शिबुया, इकेबुकुरो, तोक्यो, उएनो अशी शहराची सारी प्रमुख स्थानके जोडतो, त्यामुळे तेथील गर्दीला सकाळ-संध्याकाळ खंड नसतो. १९८८ पर्यंत या मार्गावरील १०३ मालिका पूर्णपणे निवृत्त झाली. गाड्या प्रथम दहा डब्यांच्या होत्या. मार्गावर आणखी गाड्या वाढवण्यास वाव उरला नाही तेव्हा १९९१ मध्ये प्रत्येक गाडीत एक अकरावा डबा घालण्यात आला. या डब्याला प्रत्येक बाजूला चाराऐवजी सहा दरवाजे होते, कारण गाडीचा उशीर धावण्यात होत नसून थांब्यावर होणाऱ्या चढ-उतारीत होतो, हे निरीक्षणाने ठरले होते. त्यातील बाके भिंतीकडे दुमडणारी असून कामाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत ती कुलूपबंद ठेवली जात आणि सारे प्रवासी उभ्यानेच जात. बसण्याची सोय काढून घेऊन गाडी वेळेवर आणण्याचा हा हिशेब तांत्रिकदृष्ट्या अचूक होता. प्रवाशांना तो कितपत रुचला असेल हा प्रश्न वेगळा. पुढे फलाटांवर सरकत्या दारांचे कठडे बसवताना सहा दारांचा डबा त्यात बसेना, आणि यामानोते मार्गावर २०५ च्या जागी आलेल्या गाड्यांतून हा प्रकार कायमचा बाद झाला.

खासगीकरणात या मालिकेचे बहुसंख्य डबे पूर्व जपान रेल्वेकडे आणि थोडे पश्चिम जपान रेल्वेकडे गेले, आणि दोन्ही कंपन्यांनी नंतरही नवे डबे बांधून घेतले. योकोहामा, नांबू, साइक्यो, केइहिन-तोहोकू, चुओ-सोबू, केइयो, मुसाशिनो अशा मार्गांवर ती पसरली. पश्चिमेस क्योतो-ओसाका-कोबे पट्ट्यात व हानवा मार्गावर तिचे मोजके डबे धावले. सागामी मार्गाचे विद्युतीकरण १९९१ मध्ये झाले तेव्हा तेथे वेगळ्या दर्शनी मुखाची उपमालिका आली, आणि कमी वर्दळीच्या त्या मार्गावर प्रवाशांनी स्वतः बटण दाबून दार उघडण्याची सोय तिच्यात होती.

यामानोते मार्गावर २००२ पासून ई२३१ मालिकेच्या गाड्या येऊ लागल्या व १७ एप्रिल २००५ रोजी २०५ ने तेथील शेवटची फेरी केली. मात्र डबे अवघे पंधरा-वीस वर्षांचे होते आणि स्टेनलेस स्टीलचा सांगाडा शाबूत होता, म्हणून ते लहान मार्गांकडे वळवण्यात आले. अकरा डब्यांची एक गाडी मोडून तीन-चार डब्यांच्या गाड्या करायच्या तर मोटरमनच्या केबिनचे डबे अपुरे पडतात. तेव्हा मधल्या डब्यांना नवे दर्शनी मुख जोडून केबिन तयार करण्यात आल्या, आणि त्सुरुमी, हाचिको, सेन्सेकी अशा मार्गांवर ही रूपांतरित गाडी दिसू लागली. मुसाशिनो मार्गासाठी मोटर असलेले डबे कमी पडले तेव्हा जुन्या एकदिश मोटरी काढून प्रत्यावर्ती मोटरी व इन्व्हर्टर बसवण्यात आले; त्यामुळे आठ डब्यांच्या गाडीला मोटरचे चार डबे पुरू लागले. थंड हवेच्या तोहोकू प्रदेशातील सेन्सेकी मार्गावरच्या गाड्यांत शौचालय आणि बटणाने उघडणारी दारे आली.

११ मार्च २०११ च्या महाभूकंपाच्या वेळी या सेन्सेकी मार्गावर नोबिरू स्थानकातून विरुद्ध दिशांना दोन गाड्या नुकत्याच सुटल्या होत्या. सेंदाईकडे निघालेल्या गाडीतील प्रवाशांना जवळच्या शाळेच्या इमारतीत हलवण्यात आले. त्सुनामीने गाडी रुळांवरून उचलून मोडून टाकली आणि शाळेपर्यंतही पाणी पोचले. दुसरी गाडी योगायोगाने उंचवट्यावर थांबली होती. स्थानिक माहिती असलेल्या प्रवाशाच्या सांगण्यावरून लोक डब्यांतच थांबले आणि वाचले.

२०१३ च्या अखेरीस साइक्यो मार्गावरील १८० डबे इंडोनेशियातील जाकार्ताकडे रवाना झाले, आणि तेथून या मालिकेच्या इतिहासाचे सर्वांत मोठे परदेशी प्रकरण सुरू होते. मागोमाग योकोहामा व नांबू मार्गांवरील, आणि २०१८ ते २०२० दरम्यान मुसाशिनो मार्गावरील ३३६ डबे पाठवण्यात आले. एकूण संख्या आठशेच्या पुढे गेली. जाकार्तात गेज १,०६७ मिमी. आणि वीज १,५०० व्होल्ट एकदिश, म्हणजे दोन्ही बाबी जपानसारख्याच असल्याने बदल फारसे करावे लागले नाहीत. मुंबईची आणि जाकार्ताची विद्युत उपनगरी सेवा या दोन्ही १९२५ मध्येच आणि १,५०० व्होल्टवरच सुरू झाल्या. परंतु मुंबईचे गेज १,६७६ मिमी. असून २०१२ ते २०१६ या काळात तेथील वीज २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती झाली, त्यामुळे जपानचे वापरलेले डबे घेण्याचा पर्याय मुंबईपुढे कधीच नव्हता. जाकार्तात गाडीच्या पुढे अडथळे दूर सारणारी जाळी लावण्यात आली व बारा डब्यांपर्यंतच्या गाड्या जुळवण्यात आल्या. २०१५ मध्ये जुआंदा स्थानकात दोन २०५ गाड्यांची टक्कर होऊन प्रवासी जखमी झाले. २०२३ मध्ये इंडोनेशिया सरकारने वापरलेल्या गाड्यांच्या पुढील आयातीस नकार दिला आणि नव्या गाड्यांची मागणी नोंदवली गेली, तरी आधी आलेल्या २०५ गाड्याच त्या शहराच्या वाहतुकीचा कणा राहिल्या आहेत.

जपानमध्ये सागामी व निक्को मार्गांवरून ती २०२२ मध्ये आणि त्सुरुमी मार्गावरून २०२४ मध्ये निवृत्त झाली. सेन्सेकी मार्गावरही तिच्या जागी ई१३१ मालिका आणण्याचे पूर्व जपान रेल्वेने ठरवले. पश्चिमेत उरलेल्या गाड्या २०१८ मध्ये नारा मार्गावर गेल्या. केइयो मार्गावरचे काही डबे फुजी पर्वताच्या पायथ्याशी चालणाऱ्या फुजी क्यूको कंपनीने घेतले आणि एइजी मितोओका या अभिकल्पकाकडून आतील रचना लाकडाची करवून २०१२ पासून ६००० मालिका या नावाने, तीन डब्यांच्या गाड्यांत ते चालवले आहेत.