रिकाम्या जागेवरचा यंत्रमानव

अमेरिकी सुपरहिरो कॉमिकांच्या इतिहासात हर्बी या यंत्रमानवाच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते, आणि तीही बहुधा नाक मुरडून लिहिलेली. १९७८ साली ‘फॅन्टास्टिक फोर’ची कार्टून मालिका आली, तिच्यातल्या चौकडीत जॉनी स्टॉर्म, म्हणजे अंग पेटवून लढणारा ह्यूमन टॉर्च, नव्हता, त्याच्या जागी हवेत तरंगणारा एक बुटका, बडबड्या यंत्रमानव होता, जुन्या वाचकांना तो रुचला नाही. एवढ्यावर विषय मिटतो. पण हर्बी पात्र म्हणून कितीही दुय्यम असला, तरी पुरावा म्हणून तो पहिल्या पंक्तीतला आहे. कॉमिकमधली पात्रं लेखक-चित्रकारांच्या डोक्यातून निघतात, मात्र व्यवहारात ती कंपनीची मालमत्ता असतात. ही मालमत्ता सुटी करून, एकेक पात्र वेगळ्या गिऱ्हाइकाला वापरायला देता येते. एरवी हा व्यवहार कथेच्या आड झाकलेला राहतो. हर्बीच्या बाबतीत तो कथेतच येऊन उभा राहिला.

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी १९६१ मध्ये ‘फॅन्टास्टिक फोर’ सुरू केले, तेव्हा त्याचे बलस्थान होते ते कुटुंब: रीड रिचर्ड्स, त्याची पुढे पत्नी झालेली सू, सूचा तापट धाकटा भाऊ जॉनी आणि दगडी देहात अडकलेला मित्र बेन ग्रिम. ही माणसे एकमेकांशी भांडतात, रुसतात आणि तरी एका छताखाली राहतात, हेच त्या काळात नवे होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकाशक मार्व्हलने आपली पात्रे दूरचित्रवाणीसाठी विकायला काढली, तेव्हा या कुटुंबाचा विचार कुटुंब म्हणून झाला नाही. युनिव्हर्सलने मार्व्हलच्या काही निवडक पात्रांचे हक्क घेतले. त्या यादीतून निर्माता केनेथ जॉन्सनने हल्क उचलला आणि त्याची मालिका सीबीएसवर १९८२ पर्यंत चालली. त्याच यादीत ह्यूमन टॉर्चही होता. त्याच्यावरचा चित्रपट कधीच निघाला नाही, पण हक्क अडकून पडले ते पडलेच. त्यामुळे डीपाटी-फ्रेलेंग या कंपनीने एनबीसी वाहिनीसाठी ‘फॅन्टास्टिक फोर’ करायला घेतले, तेव्हा बहीण, मेहुणा आणि मित्र हाताशी होते, भाऊ मात्र दुसऱ्याच्या कपाटात बंद होता. नावात ‘चार’ आहे म्हटल्यावर चौथा कोणीतरी हवाच होता. तो हर्बी झाला. मालिकेचे तेरा भाग निघाले.

यावर पहिला आक्षेप एका जुन्या वदंतेचा आहे. वाहिनीला म्हणे भीती वाटली, की पेटलेला नायक पाहून मुले स्वतःला आग लावून घेतील. ही कहाणी इतकी पसरली, की आजही ती वस्तुस्थिती म्हणून सांगितली जाते. ती पटण्यासारखी आहे हे खरे, कारण त्या काळात अमेरिकेत शनिवार सकाळच्या कार्टूनमधल्या हिंसेवर पालकसंघटनांचा दबाव होता आणि वाहिन्या धास्तावलेल्या होत्या. पण घटनाक्रम तिला साथ देत नाही. १९६७ मध्ये हॅना-बार्बेराने याच चौकडीची मालिका केली होती आणि तिच्यात जॉनी राजरोस पेटत होता. त्याहून बळकट पुरावा नंतरचा आहे. १९८१ मध्ये त्याच एनबीसीवर स्पायडरमॅन आणि त्याच्या दोन मित्रांची मालिका आली. तिच्यासाठी अग्निशक्तीचे पात्र हवे होते, टॉर्च तेव्हाही मिळत नव्हता, म्हणून फायरस्टार ही नवी नायिका घडवण्यात आली. तीही मुलांसमोर दर शनिवारी ज्वाळा फेकत होती. आगीचीच भीती असती तर त्याच वाहिनीने तीन वर्षांत ती कशी गिळली असती? अडचण आगीची नव्हती, नावाच्या मालकीची होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो बराचसा मान्यच करावा लागतो. मे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला आणि त्यातल्या आर-टू-डी-टू या यंत्रमानवाने साऱ्या करमणूक व्यवसायाला वेड लावले. पाठोपाठ ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त यांत्रिक कुत्रा आला, ‘बक रॉजर्स’मध्ये ट्विकी आला, डिस्नेच्या ‘द ब्लॅक होल’मध्ये तरंगता व्हिन्सेंट आला. मग हर्बी हा या लाटेवरचा आणखी एक थेंब, त्यात कराराचे एवढे काय, असे कोणी विचारील. हर्बीचा आकार, त्याचा बालिश लाघवीपणा, खेळण्यासारखे रूप या लाटेतूनच आले असणार. पण लाट आकार देते, जागा देत नाही. ‘बक रॉजर्स’मध्ये ट्विकी जोडीला म्हणून आला, कुणाला हटवून नव्हे. हर्बी आला तो नायकाच्या नोकरीवर. टॉर्च उपलब्ध असता तर हर्बी पाचवा होऊन आला असता किंवा आलाच नसता. चौथा मात्र नक्की झाला नसता. आणि त्याचा चौथेपणाच त्याला या साऱ्या यंत्रमानवांतून वेगळा काढतो.

कॉमिकवाल्यांनी या गोष्टीचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मालिकेकडे दुर्लक्ष करणे त्यांना सहज शक्य होते. पण ऑगस्ट १९७९ च्या २०९ व्या अंकात लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉन बर्न यांनी हर्बीला कॉमिकच्या विश्वात आणले, आणि त्याच्या अस्तित्वाचा खुलासाही कथेत घातला: या चौघांवर कार्टून निघत होते, करार करायच्या वेळी जॉनी हाताला लागला नाही, म्हणून त्याच्या बदली यंत्रमानव योजला गेला. खऱ्या जगातला करार असा थोडा वेष पालटून कथेत शिरला. बाजाराने लादलेली गोष्ट लपवायची नाही, तिला कथेचे कारण बनवायचे, ही या लेखकांची कारागिरी मला मनापासून आवडते. मात्र त्यांनी पाहुण्याला फार काळ ठेवून घेतले नाही. डॉक्टर सन नावाच्या खलनायकाची जाणीव हर्बीच्या आत दडली असल्याचे दाखवून, एप्रिल १९८० च्या २१७ व्या अंकात त्यांनी हर्बीला मित्रांसाठी आत्माहुती द्यायला लावली. ज्याला बदली म्हणून हिणवले गेले, त्याला अवघ्या आठ अंकांनंतर मरण मिळाले, पण ते वीराचे मरण होते.

इथे एक जुना धागा जोडावासा वाटतो. ह्यूमन टॉर्च हे नाव मुळात जॉनीचे नव्हतेच. १९३९ च्या ‘मार्व्हल कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात कार्ल बर्गोसने या नावाचा जो नायक रंगवला, तो प्रोफेसर हॉर्टनने प्रयोगशाळेत बनवलेला कृत्रिम माणूस होता. १९६१ मध्ये मार्व्हलने नाव आणि ज्वाळा जॉनीला दिल्या. पुढे १९६६ च्या ‘फॅन्टास्टिक फोर’ वार्षिक अंकात मूळ टॉर्चला परत आणले, जॉनीशी झुंजवले आणि त्याच कथेत संपवले. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात कॉपीराइटची पहिली मुदत २८ वर्षांची असे, आणि १९३९ च्या पात्राची ती १९६७ मध्ये पुरी व्हायची होती. या जुळणीवरून हक्क राखण्याचा हेतू सिद्ध होत नाही, पण तिच्याकडे डोळेझाकही करता येत नाही. एका कृत्रिम माणसाचे नाव जिवंत माणसाला मिळाले आणि ते नाव करारात अडकले तेव्हा जिवंत माणसाची जागा पुन्हा यंत्राला मिळाली. दोन्ही वेळा निकाल मालकीने लावला.

‘एवढे सगळे करारांवर ढकलले तर कलेला काय उरले?’ हा प्रश्न रास्त आहे. कर्बींचे उदाहरण घ्या. मार्व्हलचे काम थांबवून ते १९७८ च्या सुमारास ॲनिमेशनकडे वळले होते. हर्बीचे रूप त्यांनीच रेखाटले आणि मालिकेसाठी चित्रफलकही (स्टोरीबोर्ड) काढले. बाजाराने मागितलेल्या पात्रातही त्यांची रेघ जिवंत होती, म्हणूनच तो टिकला. पण त्या रेघेवर हक्क कोणाचा, याचे उत्तर करारानेच दिले. मालिकेसाठी काढलेले त्यांचे चित्रफलक १९८१ मध्ये ‘फॅन्टास्टिक फोर’च्या विसाव्या वाढदिवसाच्या २३६ व्या अंकात कॉमिक म्हणून छापले गेले, आणि ते कर्बींना मुळीच आवडले नाही. आपण काढलेली जुनी मूळ पाने परत मिळवायला त्यांना १९८७ पर्यंत झगडावे लागले, आणि तेव्हाही मिळाला तो त्यांचा काही भाग. कलावंताने जीव ओतला ही गोष्ट माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. ज्या व्यवस्थेने जॉनीला बहिणीपासून तोडले, तिनेच कर्बींना त्यांच्या चित्रांपासून तोडले.

हर्बी पुढे अनेकदा परतला. २००६ च्या कार्टून मालिकेत तो आणि जॉनी दोघेही होते. २०१९ मध्ये मार्व्हलचे मालक असलेल्या डिस्नेने फॉक्सचा चित्रपट व्यवसाय विकत घेतला आणि या कुटुंबाचे चित्रपट हक्कही पुन्हा मार्व्हलच्या घरी आले. जुलै २०२५ च्या ‘द फॅन्टास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’मध्ये हर्बी स्वयंपाकघरात मदत करतो, बाळाच्या तयारीत हातभार लावतो, आणि जॉनी त्याच घरात वावरतो. आता तो कोणाचा बदली नाही, घरचा पाचवा आहे. यात प्रेक्षकांच्या प्रेमाचा वाटा आहेच, पण त्याआधी सगळी मालकी एका छताखाली येणे भाग होते. चित्रपट ज्या विश्वात घडतो त्याला ८२८ हा क्रमांक दिला आहे, कारण कर्बींचा जन्म २८ ऑगस्टचा, आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. कर्बी १९९४ मध्ये वारले. त्यांच्या वारसांचा मार्व्हलशी चाललेला खटला २०१४ मध्ये तडजोडीने मिटला, आणि त्यानंतर मार्व्हलच्या कॉमिकांवर निर्माते म्हणून त्यांचे नाव ठळकपणे छापले जाऊ लागले.