हॅप्टोग्लोबिन चाचणीचा इतिहास : अभावाच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

रक्तात एखादा घटक सापडणे हा रोगनिदानाचा नेहमीचा पुरावा होय. हॅप्टोग्लोबिनच्या बाबतीत घटक न सापडणे हाच पुरावा ठरला. परंतु तो कशाचा, हे उलगडण्यास सहा दशके लागली.

१९३८ मध्ये पोलोनोव्हस्की व झेल या फ्रेंच संशोधकांनी हिमोग्लोबिनला घट्ट बांधून घेणारे हे प्रथिन प्रथम नोंदविले. तांबड्या पेशी फुटल्या की मोकळे झालेले हिमोग्लोबिन त्याच्याशी संयोग पावते व हा संयोग रक्तातून झपाट्याने काढला जातो. यकृत त्या वेगाने नवे प्रथिन निर्माण करू शकत नाही. त्यामुळे पातळी घसरते, प्रसंगी शून्यवत होते.

संशोधनाला वेगळे वळण मिळाले ते टोरांटोत. ऑलिव्हर स्मिथीज तेथे वास्तविक इन्सुलिनवर काम करीत होते. आई वडिलांच्या सदऱ्यांना खळ करी, ती थंड झाल्यावर घट्ट होई, या बालपणीच्या आठवणीतून त्यांना स्टार्चच्या जेलमध्ये प्रथिने विलग करण्याची कल्पना १९५४ मध्ये सुचली. निरोगी माणसांच्या रक्तातही हॅप्टोग्लोबिनचे निरनिराळे नमुने दिसले. हा स्त्री-पुरुष भेद असावा, असे त्यांना आरंभी वाटले. नॉर्मा फोर्ड वॉकर यांच्या सहकार्याने १९५५ मध्ये तो भेद आनुवंशिक असल्याचे सिद्ध झाले.

मानवशास्त्रज्ञांना त्यामुळे लोकसमूहांच्या तुलनेचे नवे साधन लाभले. भारतातील सर्वेक्षणांतही भर पातळीपेक्षा प्रकारांवरच राहिला. एचपी-१ जनुकाचे प्रमाण येथे बरेच कमी आढळले. नायजेरियातील अनेक नमुन्यांत मात्र १९५८ च्या सुमारास हॅप्टोग्लोबिनच दिसेना. ही आनुवंशिकता की हिवताप? आनुवंशिक खुणा शोधण्याचा उत्साह त्या काळी मोठा होता, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. पुढे हिवतापग्रस्त प्रदेशांतील अभ्यासांत या अभावाचा संबंध प्रामुख्याने रोगाच्या प्रादुर्भावाशी असल्याचे दिसून आले.

तथापि आनुवंशिकतेची शक्यताही निराधार नव्हती. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी हे जनुकच गळालेल्या व्यक्तींचे वर्णन केले. अशा काही व्यक्तींच्या शरीरात हॅप्टोग्लोबिनविरोधी प्रतिपिंडे तयार होतात व रक्तसंक्रमणाच्या वेळी जिवावर बेतू शकते. म्हणजे एकाच शून्याचा अर्थ एका रुग्णात पेशींचे विघटन, तर दुसऱ्यात रक्त देतानाचा धोका.

उलट, दाह असल्यास हे प्रथिन वाढते व विघटन झाकले जाते. म्हणून एलडीएच, बिलिरुबिन व रेटिक्युलोसाइट यांची जोड घेतली जाते. विदर्भात वा सातपुड्यात आढळणाऱ्या सिकलसेल रुग्णांत विघटन सततच चालू असल्याने पातळी एरवीही खालीच असते. नवे संकट ओळखण्यास तेथे हा आकडा एकटा फारसा उपयोगी पडत नाही.