मुक्काम, मेंढरे आणि राखणीचा कुत्रा

१/ सोबत कुत्रा घेऊन रानवाटेने चालायचे, रात्री उघड्यावर मुक्काम ठोकायचा आणि पहाटे पुढे निघायचे, ही अलीकडे शहरी माणसाची हौस झाली आहे. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरी आणि तिच्या दक्षिणेचा गोदाकाठ अशा मुलखात मात्र तो पिढ्यान्‌पिढ्यांचा उदरनिर्वाह होता. त्या मुक्कामाची आखणी कशी होई आणि ती कशाने विस्कटली, याविषयी हा धागा.

२/ आधी थोडे वरच्या अंगाला जाऊ. प्रवरेकाठच्या दायमाबाद (आजचा अहिल्यानगर जिल्हा) येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांपैकी एक सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा, बैलजोडीचा रथ आहे. रथात माणूस उभा आहे आणि पुढच्या दांडीवर एक कुत्रा. अनेक अभ्यासक हा ठेवा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. काळाविषयी मतभेद आहेत. पण घडवणाऱ्याला वाटेवरचा माणूस कुत्र्यावाचून पुरा वाटला नाही, एवढे उघड दिसते. प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि तेच पाणी पैठणवरून या भागात येते.

३/ आता मेंढपाळ धनगरांकडे वळू. पावसाळा सरला, रानातली सुगी उरकू लागली की काही कुटुंबे एकत्र येऊन वाटेला लागत. या फिरत्या वस्तीला ‘वाडा’ म्हणतात. घोड्यांवर संसार, मागे मेंढरे, आजूबाजूला कुत्री. बाहेरून पाहणाऱ्याला ही दिशाहीन भटकंती वाटे. वस्तुतः प्रत्येक रात्रीचा हिशेब आधी मांडलेला असे. एखादा जाणता माणूस पुढे जाऊन चौकशी करी: कोणत्या शिवारात ज्वारी निघाली, कोणत्या विहिरीला पाणी आहे, कोणत्या शेतकऱ्याला मेंढ्या ‘बसवून’ हव्या आहेत.

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रात्रभर कळप शेतात बसला की लेंड्या आणि मूत्र यांचे खत जागच्या जागी पडते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देई. म्हणजे मुक्कामाची जागा फुकट मिळत नसे आणि बळकावलीही जात नसे; ज्याच्या रानात झोपायचे, तोच मोबदला देई. उघड्यावरच्या मुक्कामाची याहून शहाणी व्यवस्था क्वचितच आढळेल.

४/ दिवसभर पुरुष कळपामागे फिरत. बायका घोडी, लेकरे, कोकरे घेऊन नव्या जागी पोहोचत, तीन दगडांची चूल मांडत, सामान लावत. सांजेला मेंढरे आली की दोरीच्या जाळीचे वाघर लावून ती आत घेतली जात. मग कुत्र्यांचे काम सुरू होई. दख्खनचा धनगरी कुत्रा कळप हाकण्यासाठी नसतो. हाकणे हे माणसाच्या आवाजाचे आणि काठीचे काम. कुत्रा राखणीसाठी. लांडगा वा चोर आला की त्याने भुंकून माणसाला जागे करायचे आणि तोवर आडवे राहायचे. त्याची भाकर घरच्या माणसांबरोबरच थापली जाई, यात नवल नाही.

५/ खंडोबाच्या टाकांवर देवाच्या घोड्याजवळ कुत्रा दिसतो, त्याचे मूळ या जगण्याशी जुळते. त्याचे भक्त असलेले वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवीत. धनगरांच्या लोकदैवतांवर आयुष्य वेचणारे जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी खंडोबाचा हा पशुपालक पदर बारकाईने उलगडला आहे.

६/ उघड्यावरच्या मुक्कामाकडे राज्यसत्ता मात्र संशयाने पाहत आली. ब्रिटिश मुलखात १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींच्या हिंडण्यावर आणि मुक्कामावर पोलिसांची नजर बसवली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. नजर तितक्या लवकर रद्द झाली नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण तांड्याची वा वाड्याची कुत्री भुंकली की गावाने दचकावे, ही सवय सरहद्द पाहून थांबणारी नव्हती.

७/ खरा घाव जमिनीच्या बदलाने घातला. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली, १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालन्याच्या दक्षिण भागातून परभणीकडे जातो. पाणी आले, ऊस आला, आणि ते हवेच होते. दुष्काळ सोसलेल्या मुलखाला कुणी त्याचा दोष देऊ नये. पण ऊस बारा महिने रानात उभा असतो. सुगीनंतर मोकळे पडणारे शिवार उरले नाही, तिथे वाडा बसायचा कुठे? रासायनिक खताच्या गोणीने लेंडीखताची निकडही कमी केली.

गायरानांचेही असेच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानांवरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. मराठवाड्यातील अनेक दलित कुटुंबांना त्यातून पहिल्यांदा जमिनीचा आधार मिळाला. हे न्याय्यच होते. त्याच वेळी चराईची जागा आक्रसली, हेही खरे. भूमिहीन आणि फिरता मेंढपाळ या दोघांना एकाच तुकड्यासमोर उभे करून मोठी शेते मोकळी राहिली, हे मात्र फारसे बोलले जात नाही.

८/ वाडे अजून निघतात. पुढल्या रानाची चौकशी आता मोबाइलवर होते आणि सेंद्रिय खताची गरज पटलेले शेतकरी मेंढ्या बसवण्यासाठी आपणहून फोन करतात. अडचण दोन मुक्कामांमधल्या वाटेची आहे: दोन्हीकडे ऊस, मध्ये डांबरी रस्ता, आणि मेंढरांच्या कडेने, वाहनांच्या उजेडात चालणारा कुत्रा.